पाहिजे ते खा

देवावर माझी श्रद्धा लहानपणापासूनची, पण गेल्या वर्षी ती चांगलीच डळमळली. शेजारच्या बाईंना स्तनाचा कॅन्सर निघाला आणि आमची सून धास्तावली. "आई, तुमचीपण एकदा तपासणी करून घेऊया," म्हणत तिनं मला दवाखान्यात नेलं. मला कसलाच त्रास नव्हता. वय ऐंशीच्या घरात, हृदय अशक्त, बाकी जीभ अजून तिखट. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी माझे जुने कागद बघितले, हातानं नीट तपासलं आणि सुनेला बरंच काही समजावून सांगितलं. मला एका कानानं ऐकू येत नाही, त्यामुळं निम्मं हवेतच गेलं. शेवटी मात्र त्या माझ्याकडं वळून मोठ्यानं म्हणाल्या, "आजी, आता ही मशीनवरची तपासणी नको. मजेत राहा, पाहिजे ते खा."

हे वाक्य आमच्याकडं कधी म्हणतात, ते कुणालाही विचारा. आमच्या ह्यांना इस्पितळातून घरी सोडताना असंच सांगितलं होतं, "घेऊन जावा, पाहिजे ते खायला घाला." ह्यांनी जिलेबी मागितली. मी गरम गरम आणली, त्यांनी अर्धीच खाल्ली, आणि उरलेली मागायला ते राहिले नाहीत. तेव्हापासून जिलेबी मी तोंडाला लावलेली नव्हती.

मी समजून चुकले, की आपलाही नंबर लागला आणि घरचे लपवताहेत. पुरावे तर रोज ताटातच पडत होते. एरवी मिठावरून माझ्याशी भांडणारी सून एक दिवस पुरणपोळी, दुसऱ्या दिवशी तांबडा रस्सा करायला लागली. मुलगा ऑफिसातून आला की माझ्याजवळ बसायचा. जितकी माया वाढली, तितकी माझी भीती वाढली. विचारायचं धाडस होईना. देवाचाही राग आला, कारण जन्मभर जोतिबाचा रविवारचा उपवास करून मला हेच मिळालं होतं. तरी शेवटचं भेटून यावं म्हणून एका रविवारी मी सुनेला घेऊन जोतिबाला गेले.

डोंगरावर ही गर्दी! गुलाल आणि खोबरं उधळलं जात होतं, चांगभलंचा गजर चालला होता. मी मनातल्या मनात जोतिबा नाथाकडं कौल मागितला: जे असेल ते असू दे, पण कुणाच्या तरी तोंडून मला खरं ऐकव. देव काही बोलला नाही. देऊळ खालच्या अंगाला, माघारी पायऱ्या चढताना सून नारळाच्या दुकानाशी थांबली आणि मला धाप लागली म्हणून मी कडेला टेकले. बसल्या बसल्या रडूच फुटलं.

"काय झालं आजी? चक्कर आली काय?" एक बाई शेजारी येऊन बसली. केसांपासून हनुवटीपर्यंत गुलालानं माखलेली, नुसते डोळे दिसत होते. अनोळखी माणसाजवळ मन लवकर मोकळं होतं. मी म्हणाले, "मला कॅन्सर झालाय बाई. घरातली लपवत्यात."

"कुणी सांगितलं?"

"डॉक्टरनं. पाहिजे ते खा म्हणाली की ती."

त्या बाईनं मला नीट निरखून बघितलं. मग ओढणीनं तोंड पुसत म्हणाली, "आजी, ती डॉक्टर मीच की वो."

एवढ्या माणसांत नाथानं नेमकं हेच माणूस माझ्या शेजारी आणून बसवलं होतं. त्यांनी माझा हात हातात घेतला, बऱ्या कानाच्या बाजूला सरकल्या आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. हाताला काही लागलेलं नाही. आत बारीकसं काही असेल की नसेल, हे त्यांनाही ठाऊक नाही. शोधलं तर कदाचित असं काही सापडेल जे या वयात कधी त्रासही देणार नाही, पण मग सुया, ऑपरेशन, भूल, आणि माझ्या हृदयाला ते झेपणार नाही. "गाठ लागली, काय बदल दिसला, तर मात्र लगेच यायचं. पण चुकलंच माझं. मी तुमच्या सुनेशी बोलले, आजींचे लाड करा म्हणाले, तुम्हाला विचारलंच न्हाय. तुम्हाला काय वाटतंय, आजी? शोधायचं, का नको?"

कौल मागायला मी आले होते, आणि इथं माझाच कौल विचारला जात होता. मागं वळून देवळाच्या शिखराकडं पाहिलं. डोळे भरून आले, पण आता भीतीनं नव्हे. मी म्हणाले, "नको. दिसलं तर येईन. न दिसणारं त्याच्याकडं असू दे."

लोक म्हणतील योगायोग. म्हणू देत, मी वाद घालणार नाही. मरण टळलं असं मला वाटत नाही, ते त्याच्या वेळेला येईलच. सगळं आपल्याला कळलंच पाहिजे हा हट्ट मी त्या पायरीवर ठेवून आले, आणि तो त्यानं ठेवून घेतला, एवढंच मला माहीत आहे.

सून नारळ घेऊन आली तेव्हा आम्ही दोघी गुलालानं माखून हसत होतो. तिला काही उमगेना. मी तिला म्हणाले, "चल, घरी जाताना जिलेबी घेऊया."

त्या दिवशी मी अख्खी खाल्ली.