शेजारच्या काकांचं आरमार

भोपाळपासून समुद्र शेकडो कोस लांब असला, तरी पृथ्वीवरचं सगळ्यात मोठं आरमार आमच्या शेजारच्या काकांच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये नांगर टाकून होतं, हे मी शपथेवर सांगते. मी रत्नागिरीची. समुद्र आमच्या परसात, म्हणून त्याचं कधी कौतुक नव्हतं. लग्न होऊन कारखान्याच्या वसाहतीत आले, दुसऱ्याच दिवशी काकूंकडे विरजण मागायला गेले आणि वाटी हातात धरून दारातच थिजले. ट्रंकांवर, कपाटावर, देवाच्या फळीवरसुद्धा जहाजं! तीन मजली वल्ह्यांची, पुढे काशाची चोच असलेली ग्रीक जहाजं. पंख्यासारखी मिटणाऱ्या शिडांची चिनी जहाजं. दोन्ही अंगांना तोफांच्या खिडक्यांच्या रांगा असलेली विलायती लढाऊ जहाजं. आणि टीव्हीवर, जिथे लोक फुलदाणी ठेवतात तिथे, मराठ्यांची गुराब. दोरखंड सगळे काकूंच्या शिवणाच्या दोऱ्याचे. फळ्या जोडून माणसं त्या अफाट पाण्यावर लढायला गेली, या हिमतीनं माझ्या अंगावर काटा आला तो त्या खोलीत. "काका, तुम्ही समुद्र कुठला पाहिलात?" मी विचारलं. "पाहिलाच नाही," काका शांतपणे म्हणाले. "अमरावतीहून निघालो, तो इथेच उतरलो."

काका कारखान्यात तपासणी विभागात होते. निर्दोष भागाला हिरवी चिठ्ठी, सदोष भागाला लाल, हे काम त्यांनी जन्मभर केलं आणि घरी येतानाही ते गेटवर ठेवून आले नाहीत. काकूंची पुरणपोळी ते उजेडाकडे धरून बघत. बिट्टन मार्केटमध्ये एकदा फुलकोबीचा गड्डा इतका वेळ फिरवला की भाजीवाला हात जोडून म्हणाला, "अरे खां, गोभी है, मशीन का पुर्जा नईं है!" काकांनी तो गड्डा नाकारला तो नाकारलाच.

जहाजांचीही तीच गत. प्रत्येकाच्या डोलकाठीला लाल चिठ्ठी. कुठे तिसरी तोफ किंचित वर, कुठे सुकाणू केसभर तिरकं. जी पाहून माझा श्वास अडकला होता, ती चाळीसच्या चाळीस जहाजं नापास! "एखादं तरी पास करा हो," मी एकदा म्हटलं. काका गंभीर झाले. "ज्या जहाजात मी निर्धास्तपणे माणसं बसवीन, ते पास. बाई, समुद्र चूक माफ करत नाही."

काका निवृत्त झाले. क्वार्टर सोडायचं, अमरावतीच्या एका खोलीत जायचं. आरमार मावणार कुठे? अख्खी वसाहत एकेक जहाज मागायला आली. काकांनी मान हलवली. "नापास माल गेटबाहेर जात नाही. तो फोडून भंगारात जातो." लोकांना थट्टा वाटली. पण रविवारी सकाळी काका खरोखरच हातोडी घेऊन अंगणात बसले आणि पहिली गुराबच समोर घेतली. आरमाराचं ते मरण मला बघवेना. मी भिंतीवरूनच ओरडून काकूंना बोलावलं.

काकू पिठाच्या हातांनी आल्या. "काहून फोडता?" एवढंच म्हणाल्या, गुराब उचलली आणि सरळ अंगणातल्या हौदात सोडली. इतक्या वर्षांत काकांनी एकही जहाज पाण्यात घातलं नव्हतं. आम्ही तिघंही श्वास रोखून बघत होतो. गुराब डुलली, बुडतेशी वाटली आणि सावरली.

"डावीकडे कलतेय," काका पुटपुटले.

"तुम्हीही कलता की चालताना," काकू म्हणाल्या. "तरी पस्तीस वर्षं बसलेच ना मी या जहाजात? निर्धास्त?"

काका हातोडी ठेवून आत गेले आणि हिरव्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन आले. संध्याकाळपर्यंत वसाहतीतल्या घराघरात जहाजं पोचली. गुराब मला मिळाली. चिठ्ठीवर त्यांच्या टपोऱ्या अक्षरात होतं: 'पास. किंचित डावीकडे.'

काका आता नाहीत. समुद्र त्यांनी शेवटपर्यंत पाहिला नाही. मागच्या उन्हाळ्यात माहेरी जाताना मी गुराब सोबत नेली आणि ओहोटीच्या वेळी, दोरी मनगटाला बांधून, गुडघाभर पाण्यात सोडली. ती डावीकडे कलली, पण चालली. काकांची त्या वेळी फार आठवण आली. हिरवी चिठ्ठी भिजू नये म्हणून मी आधीच सोडवून पदराच्या गाठीत बांधून ठेवली होती.