शलाकाची दोन रंगांची वही

शलाकाला मी फसवलं. तिने मला फसवलं, असं अकरा वर्षं सांगत आलोय — बायकोलासुद्धा. खरं काय ते आज पहिल्यांदा सांगतोय.

मुलुंडला माझा क्लास आहे. फ्रेंचमध्ये मार्क मिळतात म्हणून फ्रेंच ठेवलं. मला स्वतःला त्यातलं ओ की ठो कळत नाही. फुटपाथवर जुनी गाइडं विकून वर आलोय. माणसाकडून कमीत जास्त कसं काढायचं, एवढं मात्र कळतं. शिकवायची शलाका.

तिची एक वही होती. प्रत्येक फ्रेंच शब्दावर दोन रंगांच्या रेघा — शब्द कशाकशाचा बनला तिथे निळी, बोलताना कुठे तुटतो तिथे लाल. आधी मराठीतून सांगायची. 'निरुपयोगी' हा निर् आणि उपयोगी मिळून झाला, पण तोंडाने आपण नि-रु असं तोडतो ना? त्याच अर्थाचा फ्रेंच शब्द 'इन्युतील'. बनला इन आणि युतील मिळून, म्हणायचा इ-न्यु-तील. पोरं बाकावर टिचक्या मारत म्हणायची. मागे बसून मीही मारल्यात.

झेरॉक्स काढून देतो म्हणून ती वही घेतली आणि पुस्तिका छापली. माझ्या नावाने. छापताना स्वस्तात पडावं म्हणून सगळ्या रेघा काळ्या केल्या. आता कुठली रेघ कसली, हे कुणाला कळणार? मला तर नाहीच.

ती आली तेव्हा वाटलं, नावावरून भांडेल. किती ताणायचं, कुठे सोडायचं, सगळं ठरवून बसलो होतो. ती एवढंच म्हणाली, "नाव तुमचंच राहू दे, सर. रेघा तेवढ्या सुधारा. पोरं चुकीचं शिकतील."

यावर काय घासाघीस करायची? मी भडकलो. भर वर्गात तिला नाही नाही ते बोललो. ती चपला घालून निघून गेली. वही माझ्याकडेच राहिली.

तिथे थांबलो असतो तर — पण नाही. आमच्यात नवा शिक्षक ठेवायच्या आधी जुन्या क्लासला फोन करतात. घाटकोपरच्या एका क्लासवाल्याचा आला. मी म्हटलं, "ठेव ना बिनधास्त. फक्त कपाटाला कुलूप लाव. माझ्या नोट्स घेऊन पळालीय ती."

तो हसला. मग भांडुपहून फोन आला, मग ठाण्याहून. प्रत्येकाला तेच सांगितलं. तिला कुणीच घेतलं नाही. पुढे कानावर आलं, तिने शिकवणंच सोडलं.

त्या तिघांचा मला अजून राग येतो. एकाने तरी तिला विचारायचं होतं. मला खडू देऊन एक फ्रेंच शब्द फळ्यावर तोडायला सांगितला असता, तरी चोर कोण ते कळलं असतं —

पण त्यांना का ओढतोय मी? खोटं माझं होतं. पुस्तिका अजून चालते, त्याच काळ्या रेघांसकट. याचा जाब मीच द्यायला हवा. तिला. आणि त्या तिघांसमोर.