वसतिगृह उघडायच्या आधी

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. आईला, दादाला तर नाहीच. एकदा मेट्रोत शेजारी बसलेल्या एका अनोळखी बाईला सांगावंसं वाटलं होतं — ती मराठीत फोनवर बोलत होती, म्हणून — पण तिचं स्टेशन आलं. आता तुम्हाला सांगतेय. तुम्हीही कोणी ओळखीचे नाही, म्हणूनच बहुतेक.

आम्ही दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. बाबांना नोकरीत असतानाच स्ट्रोक आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. एकच शब्द उरला — ‘अच्छा’. भूक लागली तरी अच्छा, राग आला तरी अच्छा, बाथरूमला जायचं असलं तरी अच्छा. कुठला अच्छा कशाचा, हे आम्हाला ओळखावं लागायचं. त्यांना उठवायला दोन माणसं लागायची. आईची कंबर आधीच गेलेली. म्हणजे दादा आणि आई, नाहीतर मी आणि आई.

दादा नागरी सेवा परीक्षेची तयारी करत होता. त्याचा तो शेवटचा प्रयत्न होता. त्यानंतर वय निघून जाणार होतं. पूर्वपरीक्षा पास झाला त्या संध्याकाळी तो माझ्या खोलीत आला. मुख्य परीक्षेच्या दिवसांत तो सेंटरजवळ मित्राच्या खोलीवर राहणार होता. “तेवढे दिवस तू बघशील ना, मनू? मग जा तू तुझ्या जपानला.” मी म्हटलं, बिल्कुल, त्यात काय विचारायचं?

मला जपानी विद्यापीठात एका सत्रासाठी जागा मिळाली होती. वसतिगृह सप्टेंबरच्या शेवटी उघडणार होतं. दादाची परीक्षा त्याच्या आधीच संपत होती. सगळं अगदी बसत होतं — हेच तर आहे ना. सगळं बसत होतं.

मग मी काय केलं? ऑगस्टमध्ये एकदा जेवताना सांगितलं, की परदेशी विद्यार्थ्यांसाठी भाषेचा वर्ग आहे, दादाच्या परीक्षेच्या आधीच सुरू होतो, बंधनकारक आहे. आलं नाही तर जागा रद्द. इतकं सहज बोलले की माझंच मला नवल वाटलं. दादाने पोळीचा तुकडा मोडला. मग म्हणाला, “चलो, ठीक आहे. आम्ही मॅनेज करू.”

असा कुठलाच वर्ग नव्हता.

का केलं? भीती होती म्हणू? कंटाळा? खरं सांगायचं तर मला किळस यायला लागली होती. बाबांच्या अंगाच्या वासाची, त्यांच्या रडण्याची — ते रडायचे तेव्हा अर्धाच चेहरा रडायचा. आणि ते दिवस मी, आई आणि बाबा, तिघंच घरात, ही कल्पना मला सहन होईना. निघताना मी पाया पडले. बाबांनी माझं मनगट डाव्या हाताने घट्ट धरलं आणि म्हणाले, अच्छा, अच्छा. तो आशीर्वाद होता असं मी एअरपोर्टपर्यंत स्वतःला सांगत गेले. घरात सगळ्यात जास्त अच्छा मलाच कळायचे, हे मात्र तुम्हाला सांगायला हवं.

जपानमध्ये वसतिगृह बंदच होतं. विद्यापीठाच्या ऑफिसातली बाई गडबडली, माझीच काही चूक झाली का, असं काळजीने विचारू लागली. मी म्हटलं, शहर बघायला लवकर आले. एका घरगुती गेस्टहाउसमध्ये राहिले. आणि मी तिथे — कसं सांगू — खूप सुखात होते. उशिरापर्यंत झोपायचे. दुकानातून भाताचे गोळे आणायचे आणि नदीच्या काठावर बसून खायचे. माझी कोणाला गरज नव्हती. घरी फोन केला की वर्गात काय शिकवलं ते रचून सांगायचे.

एका दुपारी मी तशीच नदीवर बसले होते आणि दादाचा फोन आला. मागे हॉस्पिटलचा आवाज. सकाळी आईने एकटीनेच बाबांना बाथरूमला न्यायचा प्रयत्न केला. दोघंही पडले. आईला खरचटलं, बाबांचं खुब्याचं हाड मोडलं. मी नसल्यामुळे दादा मित्राकडे गेलाच नव्हता, घरूनच पेपरला निघाला होता. आईचा फोन आला आणि तो रिक्षा वळवून घरी आला.

“पेपर?” मी विचारलं.

“सोड यार.” मग लगेच म्हणाला, “तुझा क्लास चालू असेल. ठेव तू.”

मी ठेवला. तेव्हासुद्धा परतीचं तिकीट काढता आलं असतं. वसतिगृह उघडायला दिवस होते, मला कुठेच हजर राहायचं नव्हतं. मी गेले नाही. गेले असते तर वर्गाचं काय सांगणार होते?

बाबा पुन्हा उभे राहिले नाहीत. मी परत आल्यावर काही महिन्यांनी ते गेले. दादा आता दुसऱ्यांच्या मुलांना त्याच परीक्षेसाठी शिकवतो, आणि चांगलं शिकवतो. मी गुरुग्रामला एका जपानी कंपनीत दुभाषी आहे. तो लोकांना माझी ओळख करून देतो तेव्हा छाती फुगवून करून देतो. मला ते ऐकवत नाही, पण मी हसते.

मागच्या रविवारी सगळे दादाकडे जेवायला होतो. आई आता जुन्या गोष्टी उगाळत बसते. वरण वाढता वाढता तिने मला विचारलं, “तेव्हा ते लोक तुला थोडे दिवस उशिरा येऊ देणारच नव्हते का गं? तू त्यांना विचारून तरी बघायचं होतंस.”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. मी काही म्हणायच्या आत दादा म्हणाला, “आई, विचारलं असणार ना तिने. मनू विचारल्याशिवाय राहिली असती का?”

दोघंही माझ्याकडे बघत होते. माझ्या नवऱ्यानेही मान वर केली.

“विचारलं होतं,” मी म्हटलं. “नाही म्हणाले.”