मार्लिनच्या पाठीवरचा आकडा

ट्वायला फुल्चर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यालगतच्या आमच्या हॅटरस बेटावरच्या शाळेत सत्तावीस वर्षं मुलांना रांधून घालते आहे. कोणता मुलगा वाटाणे रुमालाखाली लपवतो हे तिला ठाऊक असतं, आणि का लपवतो हेही तिने त्याला विचारलेलं असतं. घरी मासा आला की आधी पोट चिरून तो काय खाऊन आलाय ते बघणार, मग तळणार. एकदा टूनाच्या पोटात समुद्रघोडा निघाला. तो तिने आठवडाभर फ्रीजमध्ये अंड्यांच्या कप्प्यात ठेवला होता. तिचा नवरा रॉस सकाळी अंडी घ्यायला गेला आणि केवढ्यांदा तरी ओरडला.

दर ऑगस्टला आमच्याकडे बायकांची खोल समुद्रातली मासेमारीची स्पर्धा असते. ट्वायला, मार्वा आणि मी अशा तिघी त्यात उतरतो. मी कोरिन, पोस्टात खिडकीवर बसते. मार्वाने उभी हयात नवऱ्याच्या बोटीवर काढली. आता तिचा मुलगा डेल ती चालवतो. सुकाणू पुरुषाने धरलेलं चालतं, गळाची काठी मात्र बाईच्याच हातात हवी. मार्लिन, म्हणजे भाल्यासारख्या चोचीचा मोठा मासा, मारायचा नसतो. तो बोटीशी आणायचा, गळाजवळच्या जाड दोरीला आपला हात लागलेला कॅमेऱ्यात दिसला की गुण मिळाले, मग सोडून द्यायचा.

नऊ वर्षांत आमचा पहिल्या पाचातही कधी नंबर नव्हता. त्या वर्षी शेवटच्या दिवशी दुपारी दीडपर्यंत आम्ही पहिल्या बोटीच्या फक्त एका माशाने मागे होतो. मार्वाने उत्साहाच्या भरात सँडविचचा डबा अर्धा संपवला होता.

तेवढ्यात उजवीकडच्या काठीला मासा लागला आणि दोरी सरसर सुटली. ट्वायलाने काठी उचलली. पांढरा मार्लिन होता, चार वेळा अख्खा पाण्याबाहेर आला. पंचवीस मिनिटांनी तो बोटीच्या कडेला आला, मार्वाने हातमोजा चढवून दोरी धरली, मी चित्रण केलं. वर सुकाणूपाशी उभा डेल ओरडला, "झालं! बरोबरीत आलो! सोड त्याला, आई, मागे अजून तीन दिसतायत!"

खरंच होते. आमच्या मागे पन्नास हातांवर तीन काळे पर पाणी कापत होते.

"थांब," ट्वायला म्हणाली. "त्याच्या पाठीवर काहीतरी आहे."

पराच्या मुळाशी बोटभर लांबीची एक नळी लोंबत होती, शेवाळाने हिरवी झालेली. कुणीतरी आधी पकडून, टॅग, म्हणजे ओळखीचा आकडा, लावून सोडलेला मासा होता तो.

"ट्वायला, अगं बाई, तीनला स्पर्धा संपते," मार्वा म्हणाली.

"दोन मिनिटं. चोच धरून ठेव."

"दोन मिनिटं म्हणे! मावशी, ते तीन काय आपल्यासाठी थांबणारेत का?" डेल वरून करवादला.

पण ट्वायला कडेवर पालथी पडून कोपरापर्यंत पाण्यात गेली होती. डेलने नाइलाजाने बोट हळू पुढे घेतली, म्हणजे माशाच्या कल्ल्यांतून पाणी वाहत राहील. शेवाळ निघेना. तिने अंगठ्याच्या नखाने ते खरवडलं, मग सुरीने टॅग अलगद कापून घेतला. दमलेल्या माशाने पुन्हा रंग धरेपर्यंत मार्वाने त्याची चोच सोडली नाही, तोंडाने मात्र ती ट्वायलाला सारखी बोल लावत होती. शेवटी त्याने शेपटीचा एक फटका दिला आणि तो खाली निघून गेला. सगळ्यात वीस मिनिटं गेली. मागचे तिघेही गेले होते.

अडीचला त्या पहिल्या बोटीने आणखी एक मासा पकडून सोडला. आम्ही दुसऱ्या आलो. बक्षीस समारंभात मार्वा ट्वायलापासून दोन खुर्च्या सोडून बसली.

ट्वायलाने टॅग पाकिटात घालून माशांचा अभ्यास करणाऱ्यांकडे पाठवला. मग रोज शाळा सुटली की ती माझ्या खिडकीशी हजर.

"आलं का गं?"

"नाही गं बये. आलं की घरी आणून देईन."

तोवर बेटावर पैजा लागल्या. रॉस म्हणे मासा आफ्रिकेहून आलाय, डेल म्हणे ब्राझीलहून. पाचव्या आठवड्यात पत्र आलं. तिने ते खिडकीतच फोडलं. टॅग सहा वर्षांपूर्वी लावलेला होता. जागा आमच्यापासून पस्तीस मैलांवरची, शेजारच्या वांचीज गावाबाहेरच्या समुद्रातली. लावणारा एलवुड डॅनियल्स.

मार्वा तिकिटं घ्यायला आली होती. ती हसत सुटली. "वांचीज! शेजारच्या मासळीपायी चषक घालवलास होय गं!"

मला वाटलं ट्वायला हिरमुसेल. ती पत्राकडे बघतच राहिली. "सहा वर्षं, मार्वा. मग मधल्या काळात हा होता कुठे? आणि परत इथेच कसा आला?"

मार्वाचं हसू जरा थांबलं. "कोण जाणे," ती म्हणाली, आणि तिनेही पत्र हातात घेऊन वाचलं.

दोन दिवसांनी शाळेच्या स्वयंपाकघरात फोन वाजला. एलवुडचा होता. त्यालाही तसंच पत्र गेलं होतं. रविवारी चर्च आटोपून आम्ही तिघी वांचीजला गेलो. एलवुड ऐंशीचा होता. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून बोटीवर चढला नव्हता. त्याने आमच्यापुढे उकडलेले शेंगदाणे ठेवले आणि म्हणाला, "सत्तावन्न माशांना टॅग लावले मी. आजवर एकाचीही खबर आली नव्हती. बायको म्हणायची, तू समुद्रात चिठ्ठ्या टाकतोयस."

मग त्याचे प्रश्न सुरू झाले. मासा भरलेला होता की लुकडा? डाव्या कल्ल्यावर पांढरा व्रण होता का? ट्वायलाने व्रण पाहिला होता. तिने तो स्वतःच्या गालावर बोटाने काढून दाखवला. एलवुड टाळी वाजवून म्हणाला, "तोच! तेव्हा ताजा होता तो." तिनेही विचारलं, तेव्हा पाणी किती गरम होतं, पौर्णिमा होती की अमावास्या, त्याने आमिष कोणतं घेतलं. त्याच्याकडे वही होती. दोघं त्या वहीत डोकी घालून आम्हाला विसरली.

निघायची वेळ झाली तरी मार्वाच उठेना. "पण एलवुडकाका," ती म्हणाली, "सोडताना तो सरळ खाली गेला होता की बाजूला?"

"सरळ खाली," एलवुड म्हणाला. "आणि तुमच्या वेळी?"