सगळं धरून किती?

घासाघीस करण्यात शिवणकामवाल्या ताईंचा हात धरणारं गल्लीत कुणी नव्हतं. कपाट घ्यायचं असो की पंखा, शेजारणी त्यांनाच सोबत न्यायच्या. स्वतःची गाडी घेताना मात्र ताईंच्या नाकी नऊ आले. दोन शोरूम पालथी घातली. किंमत उतरली की विमा चढायचा, विमा उतरला की सीट कव्हरं बिलात घुसायची.

"अहो, सगळं धरून किती, एवढंच सांगा!" तिसऱ्या शोरूममध्ये आपला आकडा सांगून झाल्यावर त्या वैतागून म्हणाल्या.

"साहेबांना विचारून येतो," म्हणत विक्रेता पुन्हा केबिनमध्ये गेला. ताईही मागोमाग गेल्या. साहेबांची खुर्ची रिकामी होती आणि हा पठ्ठ्या मोबाइल बघत बसला होता.

"साहेब कुठायत?"

"ते... आज रजेवर आहेत," तो चाचरला.

ताईंचं डोकंच फिरलं. पर्स उचलून त्या तडक घरी आल्या.

दुसऱ्या दिवशी त्याचाच फोन आला. ताईंनी मागितलेल्या किमतीत, सगळं धरून, गाडी द्यायला तो तयार होता.

"मग काल माझा जीव कशाला खाल्लात?" ताई कडाडल्या.

गाडी त्यांनी घेतली. पण किल्ली देताना शोरूमवाले फोटोसाठी हसा म्हणाले, तर ताईंना काही केल्या हसू येईना.