आपोआप मिटणारी कामं

वेळेचं नियोजन मला कुणी शिकवलं नाही; ते मी आळसातून कमावलं. निजामाच्या अमलात, जालन्यापासून बैलगाडीनं दिवसभराच्या वाटेवर असलेल्या एका तहसील कचेरीत मी अहलकार होतो, म्हणजे साधा कारकून. पण सबंध कचेरीत माझं टेबल सगळ्यात स्वच्छ. शेजारच्या दोघा कारकुनांची डोकी कागदांच्या ढिगामागे दिसतही नसत, आणि मी साडेअकरालाच पान लावायला मोकळा. लोकांना वाटे, हा माणूस कामाला वाघ आहे. त्यांचा गैरसमज दूर करण्याच्या भानगडीत मी कधी पडलो नाही.

खरी अडचण ही, की कचेरीत येणारा प्रत्येक कागद तातडीचा असायचा. वरच्या कोपऱ्यात 'जरूरी' लिहिलेलंच असे. पाठवणारा जरा वजनदार असेल तर 'निहायत जरूरी'. एकदा तालुकदारसाहेबांच्या, म्हणजे जिल्ह्याच्या मालकांच्या, दौऱ्यासाठी कोंबड्या किती मिळतील याची विचारणा 'निहायत जरूरी' म्हणून आली होती आणि शब्दाखाली तीन रेघा होत्या. टपालाच्या त्याच थैलीत एका गावची चावडी कोसळल्याचा कागद नुसता 'जरूरी' होता. आता अशात माणसानं आधी काय हाती घ्यावं?

याचं उत्तर आमच्या पेशकारसाहेबांजवळ होतं. ते खास हैदराबादचे; पांढरी दाढी, परीटघडीची शेरवानी, आणि तहसीलदारांपुढे कोणता कागद कधी ठेवायचा हे सर्वस्वी त्यांच्या हातात. मी नवा होतो तेव्हा एकदा टपाल आल्याआल्या कामाला लागलो, तर त्यांनी माझा हातच धरला. "कागज को पकने दो, मियाँ," ते म्हणाले. "कच्चे कागज को हात लगाना नक्को." कागद पिकणं म्हणजे त्याची ताकीद येणं, म्हणजे आठवण करून देणारं पत्र. पहिली ताकीद आली की कागदाला रंग चढला, दुसरी आली की वास सुटला, तिसरी आली की उतरवून घ्यायचा. ज्याची ताकीदच येत नाही ते काम मुळात कुणाला नकोच होतं, असं त्यांचं म्हणणं.

मी त्यात माझी अक्कल घातली. माझ्यामागच्या फडताळाला चार खण होते. तहसीलदारांनी स्वतः तोंडानं विचारलेलं काम पहिल्या खणात. दौऱ्याचं काम दुसऱ्यात. ताकीद आलेलं तिसऱ्यात. उरलेलं सगळं जग चौथ्यात, आणि त्या खणाला मी मनातल्या मनात नाव दिलं होतं, आपोआप मिटणारी कामं. ती खरंच मिटायची! बांधावरून एकमेकांचे गळे धरणारे सहा महिन्यांत व्याही होऊन बसत. पडलेली चावडी गावकरी कंटाळून आपली आपण उभी करीत. एकानं शेजाऱ्याच्या गाढवाविरुद्ध अर्ज केला होता, तर अर्ज खणात असतानाच गाढव मेलं. दर दोन महिन्यांनी मी तो खण उपसायचो आणि मिटलेल्या कागदांवर 'दाखिल दफ्तर' लिहायचो, म्हणजे प्रकरण बंद. एकदा तर तहसीलदारांनी बाकीच्या कारकुनांना माझं टेबल बघायला आणलं. मी टोपी सारखी करून बाजूला उभा राहिलो. त्या दिवशी मला स्वतःचा फार अभिमान वाटला होता, ते लपवण्यात काही अर्थ नाही.

मग तीर महिना लागला, म्हणजे आपला वैशाख. गोदावरीच्या अंगाच्या एका गावाहून एक शेतकरी पाटलाचा कागद घेऊन आला. पन्नाशीचा, उन्हानं रापलेला, पायांवर धूळ गुडघ्यापर्यंत. गावात बुळकांडी शिरली होती. या रोगात जनावराच्या तोंडाला फोड येतात, डोळ्यांतून पाणी वाहतं, मग हगवण, आणि आठवड्याभरात जनावर आडवं होतं. सलोतरीला, म्हणजे गुरांच्या सरकारी डॉक्टरला, लस घेऊन पाठवावं, एवढंच कागदात म्हटलेलं. पाटलाला रीत ठाऊक नसावी. कागदावर कुठेही 'जरूरी' लिहिलेलं नव्हतं.

"माझी जोडी अजून धड हाये, साहेब," शेतकरी म्हणाला. "शेजारच्या गोठ्यातले दोन गेले. सुई जल्दी लागली तर माझे वाचतेत. पेरणी तोंडावर आली, दुसरं जनावर न्हाई माझ्यापाशी."

"बसा मामा," मी म्हणालो. "काम चालू हाये."

काम चालू हाये म्हणजे मी तो कागद चौथ्या खणात टाकला होता. सलोतरी कचेरीच्या मागच्याच गल्लीत राहायचा आणि दिवसभर पत्ते कुटायचा. त्याला गावी धाडायला तहसीलदारांच्या सहीचा दोन ओळींचा हुकूम पुरे होता. तोंडातलं पान संपायच्या आत मी तो लिहिला असता. पण त्या आठवड्यात तालुकदारसाहेबांचा दौरा होता आणि सगळी कचेरी अंड्यांत बुडाली होती. कोणत्या गावानं किती अंडी द्यायची, ती फुटणार नाहीत याची जबाबदारी कुणाची, साहेबांना आंघोळीला तांब्याचं घंगाळ लागतं की पितळेचं. एकट्या घंगाळावर तीन कागद झाले होते, तिन्ही निहायत जरूरी.

शेतकरी बाहेरच्या ओट्यावर बसला. बैलांपाशी बायकोला ठेवून आला होता आणि हुकूम सोबत घेऊनच जायचं त्यानं ठरवलं होतं. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. मी पाण्याला उठलो की तो उभा राही, मी परत आत गेलो की बसे. आपण समोर दिसत राहिलो म्हणजे साहेबाला आठवण राहील, असा त्याचा हिशेब होता. तिसऱ्या दिवशी तो एवढंच म्हणाला, "साहेब, म्या हितंच हाये."

"दिसतंय की," मी म्हणालो.

पण मी मंठ्याच्या शेतकऱ्याचा पोरगा. पेरणीच्या तोंडावर बैल जाणं म्हणजे काय ते मला कुणी सांगायला नको होतं. पाणी पिऊन तसाच आत आलो. मी कागद काढला आणि पेशकारसाहेबांपुढे धरला.

"ताकीद आयी?" त्यांनी विचारलं.

"कागदाची नाही आली. पण माणूस तीन दिवस ओट्यावर बसलाय."

ते हसले. "आदमी की ताकीद कौनसे रजिस्टर में चढाते, मियाँ?"

खरंच, त्याला आमच्याकडे रकाना नव्हता. मला ते इतकं बिनतोड वाटलं की मीही हसलो आणि कागद होता तिथे ठेवून दिला. हे हसणं मला अजून आठवतं, आणि आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

पाचव्या दिवशी सकाळी ओटा रिकामा होता. मला बरं वाटलं. मग तालुकदारसाहेब आले, त्यांनी घंगाळाकडे पाहिलंही नाही, दोन अंडी खाल्ली आणि गेले. उरलेली अंडी कचेरीनं चार दिवस खाल्ली. दौरा उत्तम पार पडला म्हणून वरून शाबासकीचं पत्र आलं, आणि तेवढं मात्र मी त्याच दिवशी दप्तरी लावलं.

तीन आठवडे गेले असतील. ढग जमायला लागले होते. तोच शेतकरी पुन्हा दारात उभा राहिला, हातात पाटलाचा दुसरा कागद. गावातला रोग थांबला आहे, सलोतरीसाहेबांना आता तसदी देऊ नये. पाटलाचीही चूक नव्हती. सलोतरी, त्याचा शिपाई आणि त्याचं घोडं अशा तिघांना आता फुकट कोण पोसणार?

पेशकारसाहेबांनी कागद वाचला आणि त्यांचा चेहरा खुलला. "देखो मियाँ! अपने आप मिट गया ना?" त्यांनी तो माझ्या टेबलावर ठेवला. "बंद करो."

मी शेतकऱ्याकडे पाहिलं. "मामा, तुमची जोडी?"

"म्या घरी पोचलो तवा पांढऱ्या गेल्ता," तो म्हणाला. "दुसऱ्यानं चार दिस काढले."

"पण रोग थांबला ना?"

"थांबला तर. गोठेच रिकामे झाले, आता कुणाला धरील?"

"मग पेरणी?"

"मेव्हण्याची जोडी मागितली. त्याचं उरकलं की मंग देतो म्हणला."

मेव्हण्याचं उरकेपर्यंत पेरणीजोगा वाफसा निघून जाणार, हे त्यालाही कळत होतं आणि मलाही. मला स्वतःची लाज वाटली. त्याहून जास्त भीती वाटली, की आता हा माणूस ओरडेल, सगळ्या कचेरीसमोर मला नको नको ते बोलेल. बोलला असता तर बरं झालं असतं.

पेशकारसाहेब बघत होते. मी रजिस्टर उघडलं. गावाचं नाव, कागदाचा विषय, आणि शेवटी प्रकरण का बंद केलं त्याचा रकाना. त्या रकान्यात मी वर्षानुवर्षं एकच उर्दू वाक्य लिहीत आलो होतो. दुसरं काही सुचेना. टाक दौतीत बुडवला आणि तेच लिहिलं.

शेतकरी माझ्या टाकाकडे बघत होता. त्याला उर्दू वाचता येत नव्हतं. "काय लिवलं, साहेब?" त्यानं विचारलं.

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. खोटं सांगता आलं असतं. पण माझ्या तोंडून खरंच निघालं.

"गरज उरली नाही," मी वाचून दाखवलं.



"बराबर लिवलं," तो म्हणाला, आणि गेला.