काय करून राहिलीस, शकू?

आज, मंगळवारी, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी माझ्या लक्षात आलं की मी तीन आठवडे एका यंत्राशी गप्पा मारत होते.

शकूच्या नावाने आणि तिच्या शाळेतल्या फोटोसह मला इथे मैत्रीची विनंती आली होती. शकू हदगावची, नांदेडच्या कॉन्व्हेंटमध्ये माझ्या शेजारी बसायची. दहावीनंतर तिचा पत्ताच लागला नाही. मी वेडी, रोज तिला माझं अख्खं आयुष्य लिहीत बसले. उत्तरं गोड यायची, पण अगदी शुद्ध आणि क्षणात. शकूला साधी हजेरी द्यायलाही वेळ लागायचा.

म्हणून आज मुद्दाम तिच्या हदगावच्या बोलीत विचारलं, "काय करून राहिलीस गं?"

उत्तर आलं, "मी लातूरमध्ये राहते. तुम्ही कुठे राहता?"

मला तुम्ही?

एकदा वर्गात सिस्टरनी काय चाललंय म्हणून दटावलं, तेव्हा शकू उभी राहून म्हणाली होती, "आय ॲम डूइंग अँड स्टेइंग, सिस्टर." आज यंत्रानेही 'राहिलीस'चा अर्थ मुक्कामाला राहणं असाच लावून तीच चूक केली. पण शकूच्या चुकीवर आम्ही दोघी पोट धरून हसलो होतो.

हे खातं चालवणाऱ्याने तिचा फोटो आजच काढून टाकावा.

आणि खऱ्या शकू, हे वाचत असशील तर रविवारी संध्याकाळी सहाच्या आत लेखी कळव, त्या दिवशी आपल्याला शिक्षा काय झाली होती? नुसता अंगठा चालणार नाही. उत्तर चुकलं तरी चालेल, फक्त ते तू लिहिलेलं असू दे.